काल बरे होते, आज ओळखत नाहीत

रुग्णालयात दाखल झालेल्या ज्येष्ठांच्या मनःस्थितीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत. औषधांची नावं आणि प्रमाण तुम्हाला डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून दिलं आहे. ती औषधं स्वतःच्या मनाने देऊ किंवा बंद करू नका.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण दुसऱ्या रात्रीपासून भलतंच बोलू लागले. छतावर मुंग्या दिसतात, मला ते त्यांचा धाकटा भाऊ समजतात, 'घरी चला' म्हणून उठून बसतात. डॉक्टर सकाळी राउंडला येतात तेव्हा मात्र अगदी शहाण्यासारखे बोलतात. गावाकडचे म्हणतात वात झालाय. मेव्हणा म्हणतो डोक्यावर परिणाम झाला, आता हे असंच राहणार. (सातारा)

या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. तापात बडबडणाऱ्या माणसाला गावाकडे वात झाला म्हणतात, तेच हे. फक्त म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी ताप यावाच लागतो असं नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं, दिवसभरात कमी-जास्त होतं, संध्याकाळनंतर बळावतं. म्हणूनच सकाळच्या राउंडला ते सापडत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे फार वेळा दिसतं. कारण सापडून उपचार झाले तर बहुतेकांचं काही दिवसांत ते आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं, काहींना महिना-दोन महिनेही लागतात. मेव्हण्याचा निकाल आत्ताच मान्य करू नका.

पहिलं काम डॉक्टरांना सांगण्याचं, आणि ते नेमकं सांगण्याचं. 'रात्री जरा बडबडत होते' असं म्हटलं की 'वयामुळे होतं' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी कागदावर वेळा लिहून द्या : शनिवारी संध्याकाळपर्यंत पेपर वाचत होते, रविवारी रात्री ९ पासून माणसं ओळखेनात, पहाटे ४ ला झोप लागली. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण दाखवलं तर आणखी चांगलं. हा बदल अचानक आहे हे सांगू शकणारा माणूस वॉर्डात तुमच्याशिवाय कोणी नाही. सिस्टरनी तुमच्या वडिलांना आधी पाहिलेलंच नसतं.

तपासायला दोन मिनिटांची एक चाचणी आहे, ४एटी नावाची. एडिनबरात तयार झाली, आता बऱ्याच देशांत वापरतात. तिचे भाग चार. रुग्ण किती जागा आहे, म्हणजे फार गुंगीत किंवा फार अस्वस्थ आहे का. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल सांगता येतं का. महिने उलटे म्हणता येतात का. आणि बदल अचानक झालाय का. एकूण १२ पैकी ४ किंवा जास्त गुण आले तर डेलिरियमची शक्यता धरून पुढे जायचं. आपल्याकडे इथे एक गंमत होते. अनेक आजोबांची आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना मास्तरांनीच ती टाकलेली. खरी तारीख त्यांना कधीच माहीत नव्हती, मग ती चुकली म्हणून गुण कापण्यात अर्थ नाही. तसंच डिसेंबर-नोव्हेंबर म्हणायला लावण्यापेक्षा शाळा न शिकलेल्या आजींना वार उलटे म्हणायला सांगणं न्याय्य. रविवार, शनिवार, शुक्रवार असं करत मध्येच धागा सुटतो का, पुन्हा-पुन्हा तिथेच अडकतात का, हे पाहायचं. डेलिरियममध्ये आठवणीच्या आधी लक्ष ढळतं.

आता कारणं. एकच सापडलं म्हणून थांबू नये, सहसा तीन-चार एकत्र असतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर आम्ही या क्रमाने बघतो :

रक्तातला ऑक्सिजन, साखर, रक्तदाब आणि ताप. हे पाच मिनिटांत होतं आणि यातलं काही बिघडलं असेल तर थांबायला वेळ नसतो.

लघवी तुंबली आहे का. पाठीत भूल दिल्यानंतर, त्यातही प्रोस्टेट वाढलेलं असेल तर, मूत्राशय तुडुंब भरतं आणि माणूस फक्त तळमळतो, नीट सांगू शकत नाही. ओटीपोटावर हात ठेवला तरी फुगवटा लागतो. सोनोग्राफीत किती लघवी उरली ते कळतं. जोडीला, शौचाला कधी झाली होती हे विचारा. चार दिवस नाही असं उत्तर आलं तर तेही कारण पुरेसं आहे.

दुखणं. 'काही मागत नाहीत, म्हणजे दुखत नसेल' हा समज चुकीचा. भान नसलेला माणूस गोळी मागत नाही. पॅरासिटामॉल मागेल तेव्हा न देता ठरलेल्या वेळी द्यावं. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर प्रमाणही कमी. भूलतज्ज्ञ खुब्याजवळची नस बधिर करू शकत असतील तर गुंगीची वेदनाशामकं बरीच कमी लागतात. ट्रॅमाडॉल आपल्याकडे सढळ हाताने दिलं जातं. ज्येष्ठांमध्ये त्याने गुंगी, भास, सोडियम घसरणं असे सगळे प्रकार होतात, त्यामुळे ते चालू आहे का हे आवर्जून विचारा.

सोडियम. रक्तात १३५ ते १४५ असावं लागतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, घरी मीठ तोडलेलं असतं, त्यात ऑपरेशनची सलाइन. सोडियम १२५ च्या खाली गेलं की माणूस गोंधळू शकतो. ते वाढवताना मात्र घाई चालत नाही. २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 'लवकर वाढवा' असा तगादा डॉक्टरांकडे लावू नका.

छातीत जंतुसंसर्ग. वयस्कर माणसाला न्यूमोनिया होऊनही कधी ताप येत नाही, हार्ट अटॅक येऊनही कधी छातीत दुखत नाही. एक्स-रे आणि ईसीजी त्यासाठी. लघवीच्या तपासणीत मात्र नुसते जंतू सापडले, जळजळ नाही, ताप नाही, तर लगेच अँटिबायोटिक सुरू करण्यात फायदा नसतो. म्हातारपणी लघवीत जंतू असणं फार सर्रास आहे आणि खरं कारण मग मागे राहतं.

औषधं. खाज, सर्दी, ॲलर्जीसाठीची फेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, थरथर कमी करायला दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन. ही सगळी मेंदूतल्या एकाच रसायनाला आडवी जातात. रक्त चढवण्याआधी सवयीने दिलेलं ॲलर्जीचं एक इंजेक्शनही रात्र बिघडवू शकतं.

डोक्याचा सीटी स्कॅन प्रत्येकालाच लागत नाही. तुमच्या वडिलांना मात्र लागू शकतो, कारण ते पडले होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच.

तुमच्या हातातलं काम यापेक्षा कमी नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, चालवणं, रात्रीची सलग झोप, वेळेचं भान देत राहणं, एवढ्यावर भर दिला तेव्हा डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. नवीन औषध एकही नव्हतं. मात्र हे टाळण्याचे उपाय आहेत. एकदा सुरू झाल्यावर तेवढा फरक पडत नाही, तरी ते सोडायचे नाहीत.

म्हणून आजच घरून चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या मागवा. कवळी झाकणाच्या डबीत, डबीवर नाव. कवळ्या बहुतेक वेळा चादरीत गुंडाळून धुलाईला जातात. पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवून भागत नाही, दर तासाला हातात द्या (हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच). जेवण खुर्चीत बसवून. फिजिओथेरपिस्ट होकार देतील त्या दिवसापासून दिवसातून तीनदा उभं करणं, चालवणं. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. रात्री दहानंतर ट्यूबलाइट बंद, एक मंद दिवा चालू. रात्री २ ला रक्तदाब आणि पहाटे ५ ला इंजेक्शन असेल तर वेळा जुळवून घेता येतील का असं सिस्टरना विचारा. बरेचदा येतात.

आणि बोलताना परीक्षा घेऊ नका. 'मी कोण, ओळखा पाहू' हा प्रश्न दिवसातून दहा नातेवाईक विचारतात आणि माणूस आणखी भेदरतो. उलट आपणच सांगायचं : 'बाबा, मी तुमचा थोरला. आपण दवाखान्यात आहोत. पाय मोडला होता, ऑपरेशन झालंय, आज मंगळवार.' मुंग्या दिसतात म्हणाले तर 'कुठे आहेत?' असा वाद नको आणि झाडू घेऊन मारायचं नाटकही नको. 'मला दिसत नाहीयेत, पण मी इथेच बसलोय' एवढं पुरे.

प्रश्न : आयसीयूत सासूबाईंचे हात पलंगाला बांधले होते. विचारलं तर 'नळ्या उपसतात' म्हणाले. रात्री शांत करायचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडेनात. हे बरोबर आहे का? (नाशिक)

नळ्या उपसतात ही सबब खोटी नसते. श्वासनळीतली नळी उपसली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा थोड्या वेळासाठी, लेखी नोंद करून, दर काही तासांनी सोडून कातडी आणि रक्तप्रवाह पाहून बांधणं समजू शकतं. पण लघवीची नळी आणि सलाइनची सुई वाचवायला हात बांधणं हा उलटा हिशेब आहे. बांधलेला माणूस जास्त झगडतो, मनगटं सोलवटतात, पडल्यापडल्या घास श्वासनळीत जातो, डेलिरियम लांबतो.

डॉक्टरांना रोज एक प्रश्न विचारा : ही नळी आज लागते का? लघवीची नळी तर 'असू दे, बरं पडतं' म्हणूनच अनेकदा राहून जाते. सलाइनची सुई हवीच असेल तर तिच्यावर बँडेज गुंडाळून वर लांब बाहीचा सदरा, म्हणजे नजरेआड होते. हातांना काम द्या, घडी घालायला टॉवेल किंवा जपमाळ. पलंगाचे कठडे लावले की निर्धास्त होऊ नका. भ्रमातला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. पलंग सर्वांत खाली घ्यावा.

इंजेक्शनबद्दल. माणूस स्वतःला किंवा इतरांना इजा करेल, किंवा भीतीने कासावीस झालाय आणि बाकी सगळं करून झालंय, तेव्हाच औषध. हॅलोपेरिडॉल दिलं तर ज्येष्ठांना सुरुवात ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने होते. तरण्या, हिंसक झालेल्या रुग्णाला देतात ते ५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल आणि जोडीला प्रोमेथाझिन, हे मिश्रण ८० वर्षांच्या बाईला दिलं तर ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठणार नाहीच. आधी ईसीजी बघावा लागतो. पार्किन्सन्स (कंपवात) असेल, किंवा लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल तर हे औषध द्यायचं नसतं, अंग लाकडासारखं होतं. असा आजार असल्यास केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. अशा औषधाने डेलिरियम बरा होत नाही, फक्त आवरला जातो. कारण शोधणं चालूच ठेवावं लागतं.

आयसीयूत भेटीची वेळ बरेचदा सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटंच असते. घरचं एक ओळखीचं माणूस जास्त वेळ बसू द्या, अशी विनंती प्रमुख डॉक्टरांकडे करा आणि ती याच कारणासाठी आहे हे सांगा. पाच जण आळीपाळीने येण्यापेक्षा रोज तीच एक व्यक्ती असावी.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. अर्धांगाचा झटका आला, पंधरा दिवस झाले. त्रास कोणालाच देत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. घास भरवला तर तोंड मिटते. 'मला कशाला जगवता' एवढंच म्हणाली. सिस्टर म्हणतात, आजी फार गुणी आहेत. (कोल्हापूर)

'गुणी' रुग्णाची आम्हाला जास्त काळजी वाटते. डेलिरियमचा एक प्रकार असा गुपचूप असतो. आरडाओरड नाही, नुसतं पेंगणं, हाक मारली तर उशिरा उत्तर. कोणाला त्रास नाही म्हणून तो दिसत नाही, आणि पाणी कमी जाणं, पाठीला जखमा, न्यूमोनिया यांतून जास्त नुकसान करतो. म्हणून आधी तो नाही ना, हे पाहायचं. वार उलटे म्हणायला सांगा. डोळे मिटत, शब्द हरवत गेले तर डेलिरियमच्या तपासण्या. झटक्याने बोलण्यावरच परिणाम झाला असेल तर ही युक्ती चालणार नाही. तेव्हा, हात धरून ठेवलेला असताना 'अ' हे अक्षर ऐकलं की हात दाबा, असं सांगून पाहतात.

लक्ष शाबूत असेल, पण कशातच रस नाही, पहाटे तीन-चारला जाग, 'मी सगळ्यांवर ओझं' असं बोलणं, आणि हे दोन आठवडे रोजचं असेल तर नैराश्य. अर्धांगानंतर साधारण तीनांतल्या एकाला ते होतं. 'एवढं झाल्यावर वाईट वाटणारच' म्हणून सोडून दिलं की व्यायाम होत नाही, व्यायाम झाला नाही की हात-पाय सुधारत नाहीत.

तोंड मिटण्याचं तिसरं कारणही बघून घ्या. अर्धांगानंतर गिळताना ठसका लागतो, आणि माणूस भीतीने तोंड मिटतो. गिळण्याची तपासणी झाली नसेल तर भरवणं थांबवून ती आधी करून घ्या. बसवून, चमचाभर पाण्याने सुरुवात करतात. तोंडात पांढरा थर, सैल कवळी, जिभेवर फोड हेही बॅटरी लावून पाहा. थायरॉइड, बी-१२ (मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ते कमी सापडतं), हिमोग्लोबिन, सोडियम या रक्ततपासण्या मानसोपचारतज्ज्ञ येण्याआधी तयार असल्या तर एक दिवस वाचतो.

औषध दिलं तर सर्ट्रालिन २५ किंवा एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम अशी अर्ध्या मात्रेने सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता. गुण दिसायला चार ते सहा आठवडे, ज्येष्ठांत कधी आठ. साधारण दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासायचं, कारण हीच औषधं ते घसरवतात. ॲस्पिरिनही चालू असेल (तुमच्या आईंना बहुधा असेलच) तर पोटात रक्तस्राव झाला तर कळावा म्हणून शौचाचा रंग काळा होतो का याकडे लक्ष. भूक आणि झोप दोन्ही गेली असेल तर रात्री मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅमचा विचार होतो.

खाणं-पिणंच बंद पडलं तर आठ आठवडे थांबायला वेळ नसतो. तिथे विजेचे उपचार, ईसीटी, सर्वांत लवकर गुण देतात. वय आड येत नाही. अर्धांग इतकं ताजं असताना मात्र मेंदूरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचं मत घेऊनच. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने बंदीच घातली आहे.

'कशाला जगवता' हे वाक्य ऐकून 'असं बोलू नये' म्हणून विषय झटकू नका. सरळ विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंय का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, एकटं ठेवू नका, उशाखाली साठवलेल्या गोळ्या पाहा, घरी सोडण्याआधी फवारणीची औषधं दुसऱ्याच्या घरी हलवा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : हर्नियासाठी भरती केलेले काका तिसऱ्या दिवशी थरथरू लागले, घामाघूम झाले, भिंतीवर साप दिसू लागले. दारूबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकूंनी 'नाही हो' सांगितलं होतं. (जळगाव)

काकूंनी लाजेखातर सांगितलेलं एक 'नाही' जिवावर बेतू शकतं. रोज घेणाऱ्याची दारू तुटली की ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या ४८ तासांत फिट येण्याचा धोका, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भास, ताप, धडधड. ऑपरेशनच्या गडबडीत हा तिसरा दिवस नेमका गाठला जातो. इतर डेलिरियममध्ये लोराझेपामसारखी गुंगीची औषधं टाळायची असतात, इथे तीच उपचार ठरतात. आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी किंवा तिच्यासोबत थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन हवं. थायमिनविना नुसतं ग्लुकोज गेलं तर डोळ्यांची हालचाल, तोल आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. शेवटचा पेग कधी, रोज किती, देशी की विदेशी, हे भरतीच्या वेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. केसपेपर सगळ्या गावात वाचला जात नाही.

हाच नियम झोपेच्या गोळीला. दहा वर्षं रोज अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्या आजींची गोळी घरच्या डबीत राहिली आणि भरतीच्या यादीत आली नाही, तर एक ते तीन दिवसांत अगदी असंच चित्र दिसतं. ती गोळी चांगली नाही हे खरं, पण ती सोडवायची ती आठवड्यांच्या हिशेबाने, घटवत, ऑपरेशनच्या आठवड्यात नाही. तंबाखू आणि मिश्रीही सांगाच. मिश्रीला व्यसन कोणी म्हणत नाही, पण दिवसातून चारदा मिश्री लावणाऱ्या आजी दुसऱ्या दिवशी चिडचिड करतात, झोपत नाहीत, तेव्हा निकोटिनचा पॅच विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. वडील भडकले, 'मला काय येरवड्याला पाठवताय?' आम्हालाही पटत नाही. त्यांना न्यूमोनिया आहे, वेड नाही. (पुणे)

मोठ्या रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात रोज बोलावले जातात. ते येऊन काय करतात तर औषधांची यादी चाळतात, लक्ष तपासतात, झोप-भूक विचारतात, आणि बरेचदा एखादी गोळी वाढवण्याऐवजी दोन बंद करायला सांगतात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांशी याचा संबंध नाही. वडिलांना खोटं सांगून दाखवू नका. 'झोप लागत नाही, मन घाबरं होतं, त्याचे डॉक्टर आहेत' हे खरंही आहे आणि चालण्यासारखंही. खासगीत हे डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. विम्याची भीती असेल तर २०१७ च्या त्याच कायद्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा संरक्षण देण्याची तरतूद आहे.

प्रश्न : आईला तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आता पित्ताशयाचं ऑपरेशन करायचंय. पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणतात. आणखी बिघडेल का? तयारी काय करावी? (ठाणे)

बिघडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे धरून चला. पण सगळा दोष भुलेच्या प्रकाराला देऊ नका. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल आणि पाठीतली भूल यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ आणि २०२२ मध्ये आले, डेलिरियममध्ये फरक सापडला नाही. उपाशीपणा, अंधार, दुखणं आणि अनोळखी माणसं यांचा वाटा मोठा.

ऑपरेशनची वेळ यादीत पहिली मागून घ्या. 'रात्री दहानंतर पाणीही नाही' असं सांगितलं आणि नंबर दुपारी दोनला लागला तर आई १६ तास कोरडी राहते. नियम असा की हलकं खाणं सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांना तसं विचारून घ्या. स्मृतिभ्रंशाची डोनेपेझिल ही गोळी चालू असेल तर तेही त्यांना सांगा, स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाशी त्याचा संबंध येतो. स्वतः बंद करू नका. पार्किन्सन्सच्या गोळ्या असतील तर घड्याळाच्या वेळा पाळायच्या, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड नको.

एका कागदावर, मराठीत, आईची माहिती लिहून पलंगाशी लावा. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, लघवीला लागली की काय करते (पदर ओढते, उठून उभी राहते), कशाने घाबरते, कशाने शांत होते. रात्रपाळीला ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना हा कागद सगळ्यात उपयोगी पडतो. मात्र पहिल्या दोन रात्री मावशींवर सोडू नका, घरचं माणूस थांबा. भुलेतून जाग येते तेव्हा चष्मा आणि श्रवणयंत्रासह तुम्हाला आत येऊ द्या, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. संमतीपत्रावर सही तुम्ही करणार असलात तरी आईलाही सोप्या शब्दांत सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. एका वेळी एकच गोष्ट.

प्रश्न : मावशींना डेलिरियम झाला होता, आता घरी सोडलंय. तारखा अजून चुकतात. चार गोळ्या नवीन आहेत. पुढे काय? (सोलापूर)

डिस्चार्ज कार्डावरची प्रत्येक नवी गोळी घेऊन विचारा : कशासाठी आणि कधी बंद? शांत करायची क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल सहसा काही दिवसांसाठीच सुरू केलेली असते. बंद करायची तारीख कार्डावर नसेल तर ती पुढचे सहा महिने मेडिकलमधून येत राहते. झोपेच्या गोळीचंही तसंच.

पहिले काही आठवडे तारखा चुकणं, चटकन दमणं चालतं. आंघोळ, जेवण, शौच यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा, रोज घराबाहेर उजेडात बसवा. काहींना रुग्णालयात दिसलेलं सगळं आठवतं आणि त्याची लाज किंवा भीती वाटत राहते. 'तुम्ही तेव्हा काय काय बोलत होतात' म्हणून पाहुण्यांसमोर हसण्याचा विषय करू नका. तो आजाराचा भाग होता एवढं एकदा सांगून टाका. या काळात बँकेचे कागद, घराचं हस्तांतर, मृत्युपत्र यावर सह्या घेऊ नका. नंतर त्या कोर्टात टिकतीलच असं नाही आणि भावकीत भांडणं लागतात.

तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची नीट तपासणी करून घ्या. आधीपासून थोडा विसर पडत असेल तर तो अशा आजारपणात उघडा पडतो, आणि डेलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही जास्त असतो. त्याआधी निष्कर्ष काढू नये, कारण मेंदू सावरत असतो. मधल्या काळात पुन्हा एखाद्या संध्याकाळी अचानक गोंधळल्या तर 'परत तेच सुरू झालं' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी ताप, साखर, लघवी, शौच, नवी गोळी यांची चौकशी करा, आणि कारण हाती लागलं नाही तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायला विसरू नका, त्यावर 'डेलिरियम' हा शब्द लिहिलेला नसेल तर डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.